होम लॅबमधल्या व्हीएमसाठी डिस्क कोणत्या घ्याव्यात? रेडझेड, एनएफएस की लोकल एसएसडी

लॅबवाला_६४

एकच मशीन आहे: ६ कोअर, ६४ जीबी रॅम, सहा साटा पोर्ट, दोन एम.२ स्लॉट. त्यावर प्रॉक्समॉक्स ८ (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम). सध्या सगळ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) एका १ टीबी क्यूएलसी एनव्हीएमईवर (एका सेलमध्ये चार बिट ठेवणारा एसएसडी) एलव्हीएम-थिनमध्ये (लागेल तशी जागा देणारा लिनक्सचा डिस्क-पूल) आहेत. शिवाय ४ टीबीच्या चार ७२०० आरपीएम हार्ड डिस्क रिकाम्या आहेत. वेगळा एक नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) आहे, पण मधलं नेटवर्क १ गिगाबिटचं.

लोड असा: कुबरनेटिसचे (कंटेनर चालवणारा क्लस्टर) तीन नोड, पोस्टग्रेस डेटाबेस, गिटलॅब, एक विंडोज, डीएनएस, मीडिया सर्व्हर आणि दोन-तीन चाचणीच्या व्हीएम. अडचण अशी की एका व्हीएममध्ये मोठं अपडेट सुरू झालं की बाकीच्या अडखळतात, आणि एटसीडीच्या (कुबरनेटिसचा डेटाबेस) लॉगमध्ये लीडर बदलल्याच्या नोंदी दिसतात. सीपीयू तेव्हा १५ टक्क्यांच्या वर जात नाही, आयओ डिले (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) मात्र ३०-४० टक्क्यांवर जातो.

डोक्यात तीन पर्याय आहेत. चार हार्ड डिस्कचा रेडझेड१ (झेडएफएस या फाइल सिस्टिममधला गट, त्यात एका डिस्कइतकी पॅरिटी म्हणजे दुरुस्तीची माहिती असते) करून सगळं त्यावर हलवायचं. किंवा नॅसवर एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची पद्धत) शेअर करून व्हीएमच्या डिस्क तिकडे ठेवायच्या. किंवा आणखी एक एनव्हीएमई घेऊन मिरर (दोन्हींवर तोच डेटा) करायचा. जागा साधारण ७०० जीबी पुरेल, मीडिया वेगळा. कोणता मार्ग धरावा, आणि का?

---

सिंक_आधी

पहिला पर्याय आत्ताच खोडा. रेडझेडमध्ये जागा जास्त मिळते या हिशोबाने लोक तिकडे जातात, पण व्हीएमच्या बाबतीत तो हिशोबच चुकतो.

वेगाचं आधी बघू. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ४.२. त्यात हेड सरकायचा वेळ साधारण ८ मिलिसेकंद मिळवा. एका रँडम ऑपरेशनला १२ मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला ८० च्या आसपास. रेडझेडमध्ये एक ब्लॉक सगळ्या डिस्कवर वाटला जातो, त्यामुळे रँडम कामात अख्खा रेडझेड गट एका डिस्कइतकाच चालतो. चार डिस्क घेतल्या म्हणून ३२० मिळत नाहीत. दहा-बारा व्हीएममध्ये ८० वाटून घ्या आणि बघा प्रत्येकीच्या वाट्याला काय उरतं.

आता जागा. झेडव्हॉलचा (झेडएफएसवर व्हीएमला दिलेली डिस्क) ब्लॉक ८के असेल आणि डिस्कचा सेक्टर ४के, तर एका ब्लॉकला डेटाचे दोन सेक्टर आणि पॅरिटीचा एक, असे तीन लागतात. पण रेडझेड१ मध्ये जागा नेहमी दोनच्या पटीत दिली जाते, म्हणून चौथा सेक्टर नुसता भर म्हणून जातो. ८के डेटासाठी १६के खर्च. म्हणजे १६ टीबीतून ८ टीबीच हाती आले. तेवढे मिररमध्येही मिळतात, आणि मिररचा वेग दोन जोड्यांचा असतो. हल्ली डिफॉल्ट ब्लॉक १६के आहे, त्यात डेटाचे चार आणि पॅरिटीचे दोन असे सहा सेक्टर लागतात. मग ७५ ऐवजी ६७ टक्के जागा मिळते. थोडं बरं, पण वेगाचं रडगाणं तेच.

तुमच्या खऱ्या दुखण्याचं नाव आहे सिंक राइट. एटसीडी असो की पोस्टग्रेस, प्रत्येक कमिटला एफसिंक करतात: 'डेटा खरोखर डिस्कवर गेला का?' असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहतात. एटसीडीचे हार्टबीट १०० मिलिसेकंदांनी जातात, आणि सेकंदभर लीडरची खबर आली नाही तर नवी निवडणूक लागते. एफडेटासिंकचा (एफसिंकचाच एक प्रकार) ९९ वा पर्सेंटाइल १० मिलिसेकंदांच्या आत असावा, म्हणजे शंभरातल्या ९९ वेळा तेवढ्यात काम व्हावं, अशी एटसीडीची अपेक्षा असते. तुमची क्यूएलसी डिस्क एसएलसी कॅशे (ड्राइव्हमधला वेगवान पण छोटा भाग) रिकामा असेपर्यंत ठीक चालते. मोठ्या अपडेटमध्ये तो भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला १००-२०० एमबीवर येतो आणि प्रत्येक एफसिंक त्या रांगेत अडकतो. सीपीयू मोकळा आणि आयओ डिले वर, हे त्याचंच लक्षण.

म्हणून डिस्क निवडताना खोक्यावरचे 'सेकंदाला ७००० एमबी' बघू नका. पॉवर लॉस प्रोटेक्शन, म्हणजे पीएलपी, आहे का ते बघा. अशा ड्राइव्हवर कपॅसिटर असतात. वीज गेली तरी डीरॅममधला (ड्राइव्हची तात्पुरती मेमरी) डेटा नँडवर (कायमची फ्लॅश चिप) उतरवण्याइतकी वीज त्यांच्यात साठलेली असते. त्यामुळे डेटा डीरॅममध्ये पोचला की ड्राइव्ह बिनधास्त 'झालं' म्हणू शकतो. पीएलपी नसलेल्या ड्राइव्हला प्रत्येक एफसिंकला नँडवर लिहून संपेपर्यंत थांबावं लागतं. एका वेळी एकच सिंक राइट अशी चाचणी घेतली तर साधा एनव्हीएमई सेकंदाला काही शे ते हजार-दोन हजारांवर अडतो, पीएलपीवाला दहा हजारांच्या पुढे जातो.

माझं मत: पीएलपी असलेल्या दोन एसएसडींचा झेडएफएस मिरर व्हीएमसाठी, हार्ड डिस्कच्या दोन मिरर जोड्या मीडियासाठी. घेण्याआधी आत्ताची डिस्क मोजा. पीव्हीईपर्फ ही कमांड प्रॉक्समॉक्ससोबतच येते. तिला पूलच्या माउंटचा पाथ द्या आणि शेवटचा 'एफसिंक प्रतिसेकंद' हा आकडा बघा. तो २०० च्या वर हवा असं तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. माझ्या मते तोही किमानच आहे, डेटाबेस असेल तर हजाराच्या खाली समाधान मानू नये.

---

थिनपूल

वरच्या निदानाशी सहमत, पण 'झेडएफएसच हवं' याच्याशी नाही. एकच मशीन, रोजचा बॅकअप आणि दिवसभराचं काम गेलं तरी चालेल अशी स्थिती असेल तर एलव्हीएम-थिन अजिबात वाईट नाही. राइट अँप्लिफिकेशन (मागितल्यापेक्षा जास्त लिहिलं जाणं) कमी, रॅम खात नाही, स्नॅपशॉट मिळतात. डिस्क बदला, फाइल सिस्टिमचा धर्म बदलायची गरज नाही.

फक्त थिन पूलची दोन दुखणी माहीत हवीत. पहिलं, तुम्ही १ टीबीच्या पूलवर २ टीबीच्या डिस्क वाटू शकता आणि कोणी अडवत नाही. पूल भरला की सगळ्या व्हीएमना एकदम आय/ओ एरर येतात. दुसरं, मेटाडेटाची (कोणता ब्लॉक कुठे आहे याच्या नोंदींची) जागा वेगळी असते आणि डेटा ६० टक्केच भरलेला असताना ती भरू शकते, विशेषतः स्नॅपशॉट फार साठवले तर. एलव्हीएस कमांडमध्ये डेटा टक्के आणि मेटा टक्के असे दोन्ही रकाने दिसतात, दोन्हींवर ८० ला अलार्म लावा.

पूल विनाकारण भरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कार्ड बंद असणं. व्हीएममध्ये फाइल पुसली तरी होस्टला ते कळत नाही. डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड चालू करा, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा (आतून रीबूट करून भागत नाही), मग आत एफएसट्रिम (मोकळी झालेली जागा होस्टला कळवणारी कमांड) एकदा हाताने चालवा आणि त्याचा साप्ताहिक टायमर चालू ठेवा. जुन्या व्हीएमवर पहिल्याच वेळी शंभरेक जीबी सुटले तर नवल नाही.

एसएसडी झिजेल म्हणून घाबरण्याआधीही मोजा. स्मार्टसीटीएल या कमांडमध्ये 'डेटा युनिट्स रिटन' असा आकडा असतो, एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट. आज लिहून ठेवा, सात दिवसांनी परत बघा. समजा फरक १४ लाखांचा आला, तर आठवड्याला सुमारे ७१७ जीबी, दिवसाला १०२. ६०० टीबीडब्ल्यूच्या (एकूण ६०० टीबी लिहिण्याची हमी असलेल्या) ड्राइव्हला याने सोळा वर्षं लागतील. फरक दहापट आला तर मात्र दीड वर्षाचाच खेळ आहे, मग टिकाऊ ड्राइव्हशिवाय इलाज नाही.

---

नेटवरची_डिस्क

दुसऱ्या पर्यायावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १ गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११०-११८ एमबी मिळतात, आणि तेही सगळ्या व्हीएमना मिळून. पण वेग ही त्यातली लहान अडचण. एनएफएसवर व्हीएमने केलेला एफसिंक नॅसपर्यंत जातो आणि नॅसची डिस्क हो म्हणेपर्यंत थांबतो. नॅसमध्ये हार्ड डिस्क असतील तर वरचे १२ मिलिसेकंद तुम्ही फक्त दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले.

मग लोक युक्ती करतात: नॅसवर एक्स्पोर्ट असिंक (डिस्कची वाट न बघता 'झालं' सांगणारा) करा, नाहीतर डेटासेटवर सिंक बंद करा. सगळं पळायला लागतं. यातली मेख अशी. लोकल झेडएफएसवर सिंक बंद असताना वीज गेली तर शेवटचे काही सेकंद, साधारण पाच, हरवतात. पण होस्ट आणि व्हीएम एकदमच पडतात, आणि परत उठल्यावर व्हीएमला पाच सेकंदांपूर्वीची पण आपसात जुळणारी डिस्क दिसते. नेटवर्कवर तसं नाही. नॅस एकटा रीबूट झाला आणि व्हीएम चालूच राहिली, तर व्हीएम समजते की अमुक ब्लॉक लिहिला गेलाय, आणि नॅसकडे तो नसतोच. तिथून फाइल सिस्टिम आतून सडायला लागते, आणि कळतं महिन्याभराने.

दुसरा घोळ अवलंबित्वाचा. डीएनएसची व्हीएम नॅसवर आणि नॅसचा पत्ता डीएनएसमधून, असं करून ठेवलं की वीज परत आल्यावर काहीच उठत नाही. नॅसचा माउंट नेहमी आयपीने द्या.

व्हीएमची डिस्क नेटवर्कवर नको, पण व्हीएममधला डेटा चालेल. मीडिया सर्व्हरची ३२ जीबीची सिस्टिम डिस्क लोकल ठेवा आणि चित्रपटांचा शेअर व्हीएमच्या आतून माउंट करा. फक्त त्या ॲपचं कॉन्फिग फोल्डर शेअरवर टाकू नका. त्यात बहुधा एसक्यूलाइट (एका फाइलीतला डेटाबेस) असतं, आणि एनएफएसवरच्या लॉकिंगशी त्याचं पटत नाही.

नेटवर्क स्टोरेजला खरा अर्थ येतो तो दोन-तीन होस्ट आणि १० गिगाबिट असताना. तेव्हासुद्धा दोन नोडमध्ये झेडएफएस रेप्लिकेशन (ठराविक वेळाने दुसऱ्या नोडवर प्रत पाठवणं) बऱ्याचदा पुरतं. डिफॉल्ट वेळ १५ मिनिटं असते, ती कमी करता येते. दोन्हीकडे स्टोरेजचं नाव एकच हवं. सेफसाठी (अनेक मशीनवर पसरलेलं स्टोरेज) किमान तीन नोड लागतात, आणि प्रत्येक ओएसडी (सेफमध्ये एक डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) डिफॉल्टने ४ जीबी रॅम गृहीत धरते. शिकायचं असेल तर जरूर करा, रोजच्या वापराच्या व्हीएम त्यावर ठेवू नका.

---

लॅबवाला_६४

मोजलं. पीव्हीईपर्फमध्ये एफसिंक शांत वेळी ४१०, एका व्हीएममध्ये अपडेट चालू असताना ६० च्या खाली. आठवड्याचा 'डेटा युनिट्स' फरक २२ लाख. म्हणजे झीज नाही, लेटन्सीच.

तीन प्रश्न. एक, एम.२ चे दोन्ही स्लॉट २२८० (८० मिमी लांब) आहेत आणि पीएलपीवाले बरेच ड्राइव्ह २२११० (११० मिमी) दिसतात. साटाचे घेतले तर वेग ५५० एमबीवर अडणार, चालेल का? दोन, आत्ता एक ड्राइव्ह घेऊन नंतर दुसरा जोडता येईल का? तीन, आहे तोच एनव्हीएमई ठेवून त्याच्यापुढे एसएलओजी लावला तर?

---

सिंक_आधी

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. एसएलओजी फक्त सिंक राइटची नोंद ठेवतो, तो राइट कॅशे नाही. ज्या डिस्कवर मुळात हजार जीबीच आहेत तिच्यापुढे पीएलपीचा एसएसडी एसएलओजी म्हणून लावण्यापेक्षा व्हीएम सरळ त्या एसएसडीवरच ठेवा. एसएलओजी शोभतो तो हार्ड डिस्कच्या मोठ्या पूलपुढे, आणि तिथेही काही जीबीच लागतात. १ गिगाबिटने पाच सेकंदांत ६२५ एमबीपेक्षा जास्त येऊच शकत नाही. पीएलपी नसलेला ड्राइव्ह एसएलओजीला लावणं म्हणजे नुसती वायर वाढवणं. एल२एआरसीचंही (एसएसडीवरचा वाचनाचा कॅशे) ६४ जीबीच्या मशीनवर नाव काढू नका, त्याच्या नोंदी रॅममध्येच बसतात.

साटा चालेल. नुसतं चालेल असं नाही, तुमच्या लोडला पीएलपीचा साटा ड्राइव्ह साध्या एनव्हीएमईला मागे टाकेल. ५५० ची मर्यादा मोठी फाइल कॉपी करताना जाणवते. एटसीडीच्या नोंदी दोन-अडीच केबीच्या असतात. इंटेलची डीसी एस३७०० मालिका हे जुनं उदाहरण: साटाच, पण पाच वर्षं रोज दहा वेळा पूर्ण लिहिता येईल अशी हमी होती. वापरलेला ड्राइव्ह घेणार असाल तर स्मार्टमधली झीज आणि रीॲलोकेटेड सेक्टर बघूनच पैसे द्या. मिररला दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा निदान वेगळ्या बॅचचे घ्या. एचपीईने २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांचे काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास भरले की फर्मवेअरच्या चुकीने बंद पडतात. एकाच दिवशी लावलेल्या जोडीला अशा वेळी मिररचा काही उपयोग नाही.

नंतर जोडता येईल, पण इथे एक खड्डा आहे. सर्व्हरवाले ड्राइव्ह ९६० जीबीचे असतात, घरगुती बहुधा १००० चे. पूल १००० वर बनवला आणि मग ९६० वाला जोडायला गेलात तर 'डिव्हाइस फार लहान' असं उत्तर मिळतं, आणि पूल लहान करता येत नाही. कोणता ड्राइव्ह येणार हे ठरलं नसेल तर आधी ९०० जीबीचं पार्टिशन करून त्यावर पूल बांधा. आणि एक पीएलपीवाला, एक साधा अशी जोडी लावू नका. मिररमधला प्रत्येक सिंक राइट दोन्हींवर झाल्याशिवाय पुरा होत नाही, म्हणजे वेग संथाचाच.

बांधणी अशी करा. ड्राइव्ह बाय-आयडीच्या नावाने द्या, एसडीए-एसडीबी नावं पोर्ट बदलला की बदलतात. ॲशिफ्ट १२ (म्हणजे ४के सेक्टर), तो नंतर बदलत नाही. कॉम्प्रेशन एलझेड४. स्टोरेज जोडताना थिन प्रोव्हिजनवर खूण करा आणि ब्लॉक साइझ १६के ठेवा. ती नंतर बदलली तर फक्त नव्या डिस्कना लागू होते, जुनी डिस्क दुसरीकडे हलवून परत आणावी लागते. व्हीएममध्ये कंट्रोलर व्हर्टिओ स्कझी सिंगल, आयओ थ्रेड चालू, डिस्कार्ड चालू, कॅशे 'नो कॅशे'. झेडएफएसवर फोल्डर करून त्यात क्यूकाउ२ (व्हीएमच्या डिस्कच्या) फाइली ठेवू नका, कॉपी-ऑन-राइटवर (जुनं न खोडता नव्या जागी लिहिणं) कॉपी-ऑन-राइट होतं. स्वॅप झेडव्हॉलवर तर कधीच नाही.

एआरसीला (झेडएफएसचा रॅममधला कॅशे) लगाम घाला. जुन्या इन्स्टॉलमध्ये तो अर्धी रॅम घेतो, नव्या इन्स्टॉलरमध्ये १० टक्के. ६४ पैकी ८ जीबी द्या: मॉडप्रोबच्या फोल्डरमधल्या झेडएफएसच्या कॉन्फ फाइलीत एआरसी मॅक्स ८५८९९३४५९२ लिहा. रूट झेडएफएसवर असेल तर त्यानंतर इनिटरॅमएफएस (बूट होताना लोड होणारी फाइल) नव्याने बनवल्याशिवाय बदल लागू होत नाही, इथे बरेच जण तासभर डोकं खाजवतात.

---

थिनपूल

मोकळ्या होणाऱ्या क्यूएलसीसाठी: ती टाकू नका. आयएसओ, टेम्प्लेट आणि उडाल्या तरी चालतील अशा चाचणीच्या व्हीएम तिच्यावर ठेवा. अपडेटचा धुडगूस तिकडे चालला की डेटाबेसवाल्या डिस्कला धक्का लागत नाही. व्हीएम हलवताना बंद करावी लागत नाही, 'मूव्ह डिस्क' चालू व्हीएमवरही होतं. पण क्यूएलसीवरच्या थिन पूलमध्ये परत काही आणलंत तर डिस्क पूर्ण फुगून येऊ शकते, लगेच आतून एफएसट्रिम मारा. झेडएफएसवर जाताना शून्यं कॉम्प्रेशनमध्ये विरतात, तिथे एवढा प्रश्न येत नाही.

आणि हार्ड डिस्क पूलमध्ये घालण्याआधी मॉडेल नंबर शोधून सीएमआर (नेहमीची) की एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) ते बघा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या रेड ड्राइव्हमध्ये एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. नंतर सीएमआरवाल्यांना रेड प्लस नाव मिळालं. एसएमआर डिस्क रोजच्या वाचनात चांगली वागते, डिस्क बदलून रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) करताना मात्र दिवसेंदिवस रेंगाळते किंवा मध्येच बाहेर फेकली जाते.

---

नेटवरची_डिस्क

बॅकअप नॅसवर घ्या, तिथे १ गिगाबिट पुरतं. पहिला पूर्ण बॅकअप ७०० जीबीला पावणेदोन तास धरा. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर लावलात तर पुढचे बॅकअप बदललेल्या तुकड्यांपुरतेच जातात. मात्र त्याचा डेटास्टोअर म्हणजे लाखो छोट्या फाइली. हार्ड डिस्कवर बॅकअप आरामात होतो, पण व्हेरिफाय (तपासणी) आणि गार्बेज कलेक्शन (नको झालेले तुकडे पुसणं) खूप वेळ खातं, ते रात्री लावा. त्या सर्व्हरची व्हीएम याच मशीनवर ठेवली तर मशीन गेल्यावर रिस्टोअर कशातून करणार, ते आधी ठरवा. पोस्टग्रेसच्या व्हीएममध्ये गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) टाका, म्हणजे बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टिम गोठवली जाते.

डेबियनवर झेडएफएसचा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप चालतो. त्याच पहाटे बॅकअपही लावला असेल तर दोघं एकमेकांच्या पायात येतात, बॅकअपची वेळ सरकवा. झेडईडीचा (झेडएफएसच्या सूचना पाठवणारा प्रोग्राम) मेल खरोखर येतो का, हे त्याच्या कॉन्फिगमध्ये व्हर्बोस सूचना चालू करून आणि एक स्क्रब हाताने चालवून बघा.